नुसतं बोलून काय होणार? समुपदेशनात नेमकं उपयोगी काय पडतं

‘बोलून काय होणार आहे?’ हा प्रश्न आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसं विचारतात. एक म्हणजे लग्नाकार्यात हमखास भेटणारे ते काका, ज्यांच्या मते ‘आमच्या वेळी नव्हती असली थेरं’. त्यांना सोडून देऊ. दुसरा म्हणजे ज्याला खरंच त्रास होतोय असा माणूस. सासूचा स्वभाव बदलणार नाही, गेलेली नोकरी परत येणार नाही, नवऱ्याची दारू सुटायचं चिन्ह नाही. मग परक्या माणसासमोर तासभर बसायचं, वर पैसे मोजायचे, आणि हाती काय लागणार? हा प्रश्न रास्त आहे. खुद्द मानसशास्त्रज्ञ गेली सत्तर वर्षं त्यावर तावातावाने भांडत आलेत.

भांडणाला तोंड फोडलं लंडनच्या हान्स आयसेंकने. १९५२ साली त्याने एक छोटा लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं, की सततची चिंता, भीती, उदासी असा त्रास असलेल्या साधारण दोन तृतीयांश लोकांना दोन वर्षांत आपसूक बरं वाटतं. मानसोपचार घेतले काय नि न घेतले काय. त्याची आकडेमोड कच्ची होती. ज्यांना त्याने ‘उपचार न घेतलेले’ धरलं, त्यांतल्या कित्येकांना त्यांचे नेहमीचे डॉक्टर औषधं देत होते, धीर देत होते, चार गोष्टी समजावत होते. म्हणजे उपचार झालाच होता, फक्त त्यावर पाटी नव्हती. पण त्या खोचक लेखामुळे सगळं क्षेत्र खडबडून जागं झालं आणि मोजमाप सुरू झालं.

१९७७ मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास या दोघांनी तोवर झालेले ३७५ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. उपचार घेतलेला सरासरी माणूस हा उपचार न घेतलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत असतो, असं त्यात निघालं. पुढे हेही लक्षात आलं, की ज्या अभ्यासांत उपचार फसतो ते बऱ्याचदा छापूनच येत नाहीत, म्हणून सुरुवातीचे आकडे जरा फुगलेले होते. ती हवा काढल्यावरही मुख्य निष्कर्ष टिकला. बोलण्याचा उपयोग होतो.

खरी गंमत पुढे आहे. कुठल्या पद्धतीचा जास्त उपयोग होतो, हे पाहायला गेल्यावर फारसा फरकच सापडेना. फ्रॉइडवाले, वर्तनवाले, विचारवाले सगळे थोड्याफार फरकाने सारखेच. सॉल रोझेनझ्वाइग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३६ मध्येच हे हेरलं होतं. लुईस कॅरोलच्या गोष्टीतला डोडो पक्षी शर्यत संपल्यावर ‘सगळेच जिंकले, सगळ्यांना बक्षीस’ असं जाहीर करतो, तो दाखला त्याने दिला. तेव्हापासून या निष्कर्षाला ‘डोडोचा निकाल’ म्हणतात. आपल्या पद्धतीवर हयात घालवलेल्या तज्ज्ञांना तो आजही झोंबतो.

घराणी

शास्त्रीय संगीतात घराणी असतात तशीच ही मानसोपचाराची घराणी. प्रत्येकाची तालीम वेगळी, भर कशावर द्यायचा ते वेगळं, आणि दुसऱ्याच्या गायकीत काय कमी आहे याची यादी तोंडपाठ.

सगळ्यांत जुनं फ्रॉइडचं. आज होणाऱ्या त्रासाची मुळं लहानपणात आणि आपल्याला न दिसणाऱ्या इच्छांत असतात, आणि तीच जुनी नाती आपण उपचार करणाऱ्याबरोबरही पुन्हा जगायला लागतो, असं हे घराणं म्हणतं. भारतात ते फार लवकर आलं. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात मनोविश्लेषण संस्था काढली, त्यांचा आणि फ्रॉइडचा पत्रव्यवहारही होता. आठवड्याला चार-पाच बैठका, वर्षानुवर्षं, हा त्याचा जुना थाट आता फार थोड्यांना परवडतो. छोटी रूपं मात्र टिकून आहेत.

दुसरं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सचं. माणसाला सल्ला नको असतो, समजून घेणारा माणूस हवा असतो. तो मिळाला की वाट ज्याची त्याला सापडते, ही त्याची श्रद्धा. आज कुठल्याही समुपदेशनाच्या कोर्समध्ये पहिल्या महिन्यात जे शिकवतात, म्हणजे मध्ये न तोडता ऐकणं, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत मांडणं, निवाडा न करणं, ते मुख्यतः रॉजर्सचं देणं.

तिसरं महाराष्ट्राच्या ओळखीचं. अल्बर्ट एलिसने १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली पद्धत कि. मो. फडके यांनी इथे रुजवली. विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने ती मराठीत एवढी पसरली, की मानसशास्त्राशी काडीचा संबंध नसलेले लोकही गप्पांत एलिसचा हवाला देतात. मांडणी साधी आहे. मुलाला बारावीत ६२ टक्के पडले. बापाची झोप उडाली. बाप म्हणतो, मार्कांमुळे झोप उडाली. एलिस म्हणेल, मार्क आणि झोप यांच्या मध्ये तुमचा एक हट्ट उभा आहे: माझ्या मुलाने नव्वदच्या वर असलंच पाहिजे, नाहीतर सगळं संपलं. तो हट्ट तपासून पाहा. मार्क ६२ च राहतील आणि वाईटही वाटेल, पण वाईट वाटणं वेगळं आणि उद्ध्वस्त होणं वेगळं. फिलाडेल्फियात आरन बेकने १९६० च्या दशकात याच धर्तीवर नैराश्यासाठी आपली पद्धत बांधली. त्या दोघांच्या वाटेवरचं जे आहे त्याला आता सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी) म्हणतात, आणि सगळ्यांत जास्त संशोधन त्यावरच झालंय.

चौथं वर्तनवाल्यांचं. ते विचारांच्या वाटेला फारसे जात नाहीत. काय करता आणि काय टाळता, एवढंच पाहतात. त्यांच्याबद्दल पुढे बरंच येणार आहे.

१९९६ मध्ये नील जेकबसनने अमेरिकेत एक प्रयोग केला. बेकच्या पद्धतीत दोन गोष्टी असतात: विचार तपासणं, आणि माणसाला पुन्हा हातपाय हलवायला लावणं. त्याने एका गटाला पूर्ण उपचार दिला, दुसऱ्या गटाला फक्त हातपाय हलवण्याचा भाग. निकाल सारखाच. ज्या विचार-तपासणीला पद्धतीचा आत्मा मानत होते, ती वगळूनही माणसं तेवढीच बरी झाली. मला हा प्रयोग सगळ्यांत शिकवून जाणारा वाटतो, कारण त्याचा धागा थेट गोव्यात येतो.

गोव्यातलं ‘टेन्शन’

मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था काढली. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या लोकांमध्ये नैराश्य भरपूर, आणि मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. मग त्यांनी एक उलटा प्रश्न विचारला. मानसशास्त्राची पदवी नसलेला, गावातलाच, शाळा शिकलेला माणूस हे काम करू शकेल का? त्याला काही आठवड्यांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर देखरेखीखाली सराव द्यायचा. शिकवायचं एकच: जेकबसनने वेगळा काढलेला तो हातपाय हलवण्याचा भाग. सहा ते आठ बैठका, बहुतेक आठवड्याला एक, दर वेळी अर्धा-पाऊण तास, आरोग्य केंद्रात किंवा घरी.

बैठकीत काय होतं ते जरा जवळून पाहू. समजा, म्हापशाजवळच्या गावातली पन्नाशीची एक बाई आहे. डोकं दुखतं, अंग दुखतं, झोप नाही, म्हणून ती केंद्रात येते. ‘डिप्रेशन’ हा शब्द ती वापरत नाही. तिला ‘टेन्शन’ आहे. समुपदेशकही त्याच शब्दाने बोलते, आजाराचा शिक्का मारत बसत नाही. त्यांचं बोलणं कोकणीत चालेल. इथे मराठीत देतो.

“मावशी, गेल्या आठवड्याचा कागद आणलात?”

“आणला. त्यात लिहिण्यासारखं काही नाही गं.”

“बुधवारी दुपारी?”

“पडून होते.”

“मन कसं होतं तेव्हा?”

“कसं असणार? तेच. मुलगा असं का वागला, तेच डोक्यात.”

“गुरुवारी इथे अबोली असं काहीतरी लिहिलंय.”

“हां, रोपं सुकत चालली होती. पाणी घातलं. चार फुलं काढली.”

“आणि मन?”

“तेवढा वेळ… बरं होतं.”

सगळी बैठक या ‘तेवढा वेळ’वर फिरते. समुपदेशक इथे ‘वा, छान’ म्हणून पुढे जात नाही. ती थांबते. पडून राहिल्यावर काय झालं आणि रोपांकडे गेल्यावर काय झालं, हे बाईच्याच कागदावरून बाईलाच वाचायला लावते. मग पुढच्या आठवड्यात अबोलीला पाणी कधी, किती वाजता, हे ठरतं. मावशींनी शुक्रवारचा म्हापशाचा बाजार सोडलाय, कारण तिथे ओळखीचे भेटतात आणि मुलाबद्दल विचारतात. लगेच बाजारात जा असं कोणी सांगत नाही. आधी शेजारणीबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. कोणी विचारलंच तर काय म्हणायचं, तेही बोलून ठेवतात.

नैराश्यात आपण सगळे म्हणतो, ‘मन लागलं की करेन.’ मन लागत नाही, म्हणून काही केलं जात नाही. काही केलं नाही, म्हणून मन लागायला कारणच उरत नाही. ही पद्धत क्रम उलटा लावते. आधी करायचं, फार थोडं, पण ठरलेल्या वेळी. मन मागून येतं की नाही, ते कागद सांगेल.

याची चाचणी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाली. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले ४९५ जण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले. एका गटाला केंद्रातले नेहमीचे उपचार, तेही थोडे सुधारून. दुसऱ्याला ते आणि वर या बैठका. तीन महिन्यांनी बैठका घेतलेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्याच्या रेषेखाली आलेले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के. हे संशोधन २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या अंकात छापून आलं, आणि वर्षभराने पाहिलं तेव्हाही फायदा टिकून होता.

३९ टक्क्यांकडेही नीट बघावं. तेवढे लोक या बैठकांशिवाय सावरले. आयसेंक अगदीच चुकीचं बोलत नव्हता.

या प्रयोगातला एक बारकावा बातम्यांत फारसा येत नाही. समुपदेशक आपल्या बैठका रेकॉर्ड करायचे आणि एकत्र बसून एकमेकांना गुण द्यायचे. इथे तू घाई केलीस, इथे बाई रडत होती आणि तू कागद काढलास, अशा तऱ्हेचं. मोठ्या शहरात खासगी प्रॅक्टिस करणाऱ्या किती पदवीधर थेरपिस्टचं काम दुसरं कोणी ऐकतं? अनेकांचं कधीच नाही.

नातं, पण गोडगोड नव्हे

सगळी घराणी साधारण सारखीच पोचत असतील, तर पोचवतं काय? संशोधनात पुन्हा पुन्हा एक गोष्ट वर येते: उपचार करणारा आणि घेणारा यांचं आपसांत जमलं आहे का. २०१८ मध्ये २९५ अभ्यासांतल्या तीस हजारांवर लोकांची माहिती एकत्र केली गेली. ज्यांचं जमतं त्यांना जास्त बरं वाटतं, हा संबंध स्पष्ट दिसला. लोकांना मिळणाऱ्या फायद्यात जो कमीजास्तपणा असतो, त्यातला साधारण ८ टक्के भाग या एका गोष्टीशी जोडलेला. आठ हा आकडा किरकोळ वाटेल, पण दोन मान्यताप्राप्त पद्धतींमधला फरक सहसा याहून कमी निघतो. शंकेला जागा आहेच: बरं वाटायला लागलं म्हणून थेरपिस्ट आवडायला लागला, असंही असेल. थोडं तसं असतंही. पण सुरुवातीच्या बैठकांतच मोजलेलं नातं पुढचा अंदाज देतं, म्हणून सगळं श्रेय उलट्या दिशेला ढकलता येत नाही.

‘जमणं’ म्हणजे काय, हे एडवर्ड बॉर्डिनने १९७९ मध्ये फार नेटकं मांडलं. कुठे जायचं यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांवर भरवसा. लोक फक्त तिसरीच गोष्ट धरतात, आणि मग ‘मॅडम खूप छान आहेत, किती प्रेमाने बोलतात’ यावर गाडी थांबते. वर्षभर छान बोलणं चालतं आणि घरी काही म्हणता काही बदलत नाही.

पहिली गोष्ट कशी निसटते पाहा. पुण्यात पेठेतल्या खोलीवर राहून चार वर्षं एमपीएससीची तयारी करणारा मुलगा. वडील त्याला समुपदेशकाकडे घेऊन येतात: “सर, याचं अभ्यासात लक्ष लागत नाही, एवढं बघा.” मुलगा खाली मान घालून बसलेला. त्याला अभ्यासच नकोय, हे त्याने कोणाला सांगितलेलं नाही. समुपदेशकाने वडिलांचं ध्येय उचललं आणि एकाग्रतेच्या युक्त्या शिकवायला घेतल्या, तर मुलगा तीन वेळा येईल आणि चौथ्यांदा फोन उचलणार नाही. आधी वडिलांना बाहेर बसवून “तुला स्वतःला काय हवंय?” हे विचारायला हवं, आणि उत्तरासाठी दोन बैठका लागल्या तर लागू द्यायला हव्यात. आपल्याकडे क्लायंट एकटा येत नाही, सगळं घर त्याच्याबरोबर येतं. त्यामुळे ध्येय कोणाचं, हा इथला खास कळीचा प्रश्न आहे.

दुसरं म्हणजे, चांगलं नातं बिनतक्रारीचं नसतं. “मागच्या वेळी तुम्ही म्हणालात ना, की मी कांगावा करते, ते मला फार लागलं.” असं कोणी म्हटल्यावर समोरचा काय करतो त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. “मला तसं म्हणायचं नव्हतं” म्हणून झटकून टाकलं, तर संपलं. “बरं झालं सांगितलंत. नेमकं काय लागलं?” असं विचारलं, तर त्या बाईच्या आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच तक्रार केल्यावर नातं तुटण्याऐवजी घट्ट झालेलं असतं. जेरेमी सॅफरन या मानसशास्त्रज्ञाने अशा तुटण्या-सांधण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. सांधलेली नाती पुढे जास्त फायद्याची ठरतात, असं त्या कामातून पुढे आलं.

जाता जाता एका वर्तुळाबद्दल. माणसाला बरं वाटतं त्यात कशाचा किती वाटा, हे ते दाखवतं. ४० टक्के क्लायंटच्या आयुष्यातलं, ३० टक्के नातं, १५ टक्के आशा, १५ टक्के तंत्र असं रंगीत चित्र कार्यशाळांत सर्रास दाखवतात. हा अंदाज मायकल लँबर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. तो कुठल्याही सांख्यिकी हिशेबातून काढलेला नाही, हे त्याने स्वतःच सांगितलेलं आहे. दिशा ठीक आहे, आकडे गंभीरपणे घेऊ नयेत.

पद्धत कधी महत्त्वाची ठरते

इथवर वाचून ‘म्हणजे प्रेमाने ऐकणारं कोणीही चालेल’ असं वाटलं असेल, तर डोडोचा निकाल इथे अडतो.

मंत्रचळ घ्या, म्हणजे डॉक्टरी भाषेत ओसीडी. दाराच्या कडीला हात लागला की हात धुवायचे. वीस वेळा, तीस वेळा, कातडी सोलवटेपर्यंत. गॅस बंद आहे का, हे पुन्हा पुन्हा पाहायचं. लहानपणाबद्दल कितीही सहृदय गप्पा मारल्या तरी हे सहसा हटत नाही. एकेकाळी हा त्रास जवळजवळ असाध्य मानला जायचा. १९६६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मायर याने अशा दोन रुग्णांवर वेगळंच काही केलं. ज्याची धास्ती वाटते त्याला हात लावायला लावायचा, आणि त्यानंतरचं धुणं रोखायचं. दोघांत लक्षणीय फरक पडला. आज हाच उपचार, बराच माणुसकीने बांधलेला, या आजारासाठी पहिल्या पसंतीचा आहे.

तो करताना आधी एक उतरंड लावतात. घरातल्या कडीला हात लावणं सोपं, बसमधल्या दांड्याला त्याहून अवघड, सार्वजनिक मुतारीचं दार सगळ्यांत वर. खालून सुरुवात. कडीला हात लावायचा, धुवायचा नाही, आणि बसायचं. घालमेल वाढते, छाती धडधडते. मन सांगत राहतं, आता काहीतरी भयंकर होणार. धुतलं की लगेच सुटका मिळते, आणि त्या सुटकेनेच पुढच्या वेळी धुण्याची ओढ पक्की होते. न धुता बसलं, तर बऱ्याचदा काही वेळाने घालमेल आपोआप ओसरते. नाही ओसरली, तरी ती सोसता येते आणि भयंकर काही होत नाही, हे अंगावर अनुभवायला मिळतं. हे व्याख्यान ऐकून शिकता येत नाही.

घरच्यांची मोठी पंचाईत इथे होते. मुलगी दहा वेळा विचारते, “आई, गॅस बंद केला ना?” आई दहा वेळा म्हणते, “हो गं बाळा, केला.” मायेपोटी दिलेलं हे उत्तर म्हणजेही एक प्रकारचं धुणंच. त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि आजार पोसला जातो. म्हणून चांगला थेरपिस्ट आईलाही बोलावतो आणि उत्तर हळूहळू कसं थांबवायचं ते शिकवतो. अशा वेळी ‘पद्धती सगळ्या सारख्याच’ म्हणणं हा रुग्णावर अन्याय आहे. एकेका गोष्टीची पराकोटीची भीती, अचानक येणारे घाबरण्याचे झटके, अपघात वा अत्याचारानंतर मनात रुतून बसलेली दृश्यं, इथेही टाळलेल्या गोष्टीला शिस्तीत सामोरं जाणं हा उपचाराचा गाभा आहे. त्यासाठी भरवसा लागतोच. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या सांगण्यावरून मुतारीच्या दाराला कोण हात लावेल? नातं आणि तंत्र यांना एकमेकांविरुद्ध उभं करणारा वाद मला म्हणूनच बराचसा पुस्तकी वाटतो.

आणि बोलण्याने अपायही होतो. मोठी दुर्घटना घडली की लगेच सगळ्यांना एकत्र बसवून, एकाच बैठकीत काय पाहिलं ते सविस्तर बोलायला लावायचं, अशी एक पद्धत १९८० च्या दशकात निघाली. ऐकायला किती शहाणपणाची. प्रत्यक्ष तपासल्यावर दिसलं, की पुढचा त्रास तिने टळत नाही, आणि काहींच्या बाबतीत वाढतो. आता ती न वापरण्याचा सल्ला दिला जातो. कोणी बोलायला तयार नसेल तर त्याला आधी जेवण, झोपायला जागा आणि आपल्या माणसांचा फोन नंबर द्यावा.

थेरपिस्टला कळतं का?

२००५ चा एक अभ्यास या व्यवसायातल्या प्रत्येकाने भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. लँबर्ट आणि सहकाऱ्यांनी थेरपिस्टना विचारलं: तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोणाची तब्येत उपचार संपेपर्यंत आणखी बिघडेल? एकूण ५५० क्लायंट होते. थेरपिस्टनी तिघांकडे बोट दाखवलं. प्रत्यक्षात ४० जणांची स्थिती बिघडली, आणि त्या तिघांपैकी फक्त एक त्यात होता. दुसऱ्या एका पाहणीत १२९ जणांना स्वतःला गुण द्यायला सांगितलं, तर सरासरीपेक्षा खाली स्वतःला कोणीच ठेवलं नाही. अनुभवाचंही तेच. दीडशेहून जास्त थेरपिस्टचं काम बरीच वर्षं तपासलेल्या २०१६ च्या अभ्यासात, अनुभव वाढेल तसा निकाल सरासरीने सुधारला नाही; किंचित घसरलाच.

कारण सरळ आहे. ज्याला उपयोग होत नाही तो तक्रार करत नाही, यायचा बंद होतो. साधारण पाचातला एक जण उपचार मध्येच सोडतो. थेरपिस्टच्या डोळ्यांसमोर राहतात ते बरे होणारे.

यावर उपाय आहे, आणि तो अगदी रुक्ष आहे. दर बैठकीआधी एक छोटी प्रश्नावली भरून घ्यायची. झोप, भूक, उदासी, काम. आलेख खाली जायला लागला की तो थेरपिस्टला दाखवायचा, म्हणजे तो विचारेल, “हे जमत नाहीये असं दिसतंय. काय बदलू या?” एवढ्याने बिघडण्याच्या वाटेवर असलेले बरेच लोक सावरतात, असं लँबर्टच्या प्रयोगांत दिसलं. गोव्यातल्या रेकॉर्डिंगचा गुणही त्याच जातीचा.

जेरोम फ्रँक नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६१ मध्ये एक अवघड प्रश्न विचारला होता: थेरपिस्ट आणि मांत्रिक यांत फरक काय? दोघांकडे त्रासलेला माणूस भरवशाने येतो, दोघांची एक खास जागा असते, दोघे त्रासाचं एक कारण सांगतात आणि दोघे काहीतरी करायला लावतात. त्याच्या मते खचलेल्या माणसाला उभारी मिळते ती या चार गोष्टींतून. आपल्याला हा प्रश्न परका नाही. देवऋषीकडे जाऊन ‘बरं वाटलं’ म्हणणारी माणसं प्रत्येकाच्या माहितीत असतात, आणि त्यांना खरंच बरं वाटलेलं असतं. माझ्या मते फरक पडतो तो उपाय फसल्यावर. देवऋषीचा उपाय फसला की दोष तुमच्या श्रद्धेत निघतो, मग कोंबडं मोठं लागतं, मग मारहाण. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो याचसाठी. थेरपी फसली तर आकडा खाली येताना दिसायला हवा आणि पद्धत बदलायला हवी. जो थेरपिस्ट वर्षभर फरक न पडूनही ‘तुमचाच विरोध आहे’ म्हणत राहतो, तो त्या रेषेच्या पलीकडे गेलेला असतो.

जायचं असेल तर

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते औषधं देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. नोंदणी क्रमांक बिनदिक्कत मागावा. ‘काउन्सेलर’ ही पाटी मात्र बराच काळ कोणीही लावू शकत होतं. २०२१ च्या कायद्याने या मंडळींनाही नोंदणीच्या कक्षेत आणायचं ठरवलंय, पण तोवर शिक्षण कुठे झालं आणि कामावर देखरेख कोणाची, हे तोंडाने विचारणं भाग आहे. विचारल्यावर चिडला तर उत्तर मिळालंच. आणि तीव्र नैराश्य, भास, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर आधी डॉक्टर गाठावा. औषधं आणि बोलणं यांतलं एकच निवडा, असं कोणी म्हटलेलं नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपर्यंत दोन गोष्टी कळायला हव्यात: आपण कशासाठी भेटतोय, आणि त्यासाठी काय करणार आहोत. त्या कळल्या नसतील तर विचारा. किती दिवस लागतील याचा एक जुना, ढोबळ अंदाज असा: निम्म्या लोकांना आठेक बैठकांत जाणवण्याजोगा फरक पडतो, पाऊणएक लोकांना सव्वीसच्या आसपास. आठ-दहा बैठका होऊनही तसूभर फरक नसेल, तर तेच तिथे बोलावं. बोलूनही काही हललं नाही, तर दुसरा माणूस शोधावा, आणि त्यात पहिल्याचा अपमान नाही. तुमचं बोलणं गुप्त राहणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. जिवाला धोका असल्यासारखे मोजके अपवाद सोडून. घरच्यांनी परस्पर फोन करून ‘काय म्हणाला तो?’ विचारलं, तर समुपदेशकाने सांगू नये, आणि घरच्यांनी रागावू नये.

पैशांचा प्रश्न खरा आहे. खासगी बैठकीची फी कित्येकांच्या आवाक्याबाहेर असते. सरकारी रुग्णालयांचे मानसोपचार विभाग, काही विद्यापीठांची केंद्रं आणि संस्था कमी पैशांत किंवा फुकट पाहतात. केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. पहिल्या फोनवर काय बोलायचं सुचत नसेल, तर ‘टेन्शन आहे’ एवढं पुरतं.